दुखणाईताचे मन आणि हातातील यंत्र

घरात कोणी दुखणाईत असले म्हणजे आपण त्याची किती तऱ्हेने विचारपूस करतो! औषध वेळेवर गेले का, पथ्य मोडले नाही ना, रात्री झोप लागली का, रक्तातील साखर किती आली, या साऱ्यांची चौकशी होते. आणि ती झाली म्हणजे आपले कर्तव्य पुरे झाले असे आपणांस वाटते. एकत्र कुटुंबात माणसांचा तोटा नसतो. एक जण पाणी देतो, दुसरा औषध आणतो, तिसरा डॉक्टरांकडे घेऊन जातो. परंतु इतक्या माणसांत 'तुमचे मन कसे आहे?' असे विचारणारे एकही माणूस नसावे, हा प्रकार घडू शकतो. नव्हे, पुष्कळ घरांतून तो घडत असला पाहिजे. आमच्या घरी तो घडला. घरातील गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. जिची ही गोष्ट आहे त्या व्यक्तीनेच 'लिही' म्हणून सांगितले, तेव्हा मन निश्चिंत झाले.

आमचे मामंजी नाशिकात शिक्षक होते. सेवानिवृत्त झाल्यावरही त्यांचा दिवस घड्याळाच्या काट्यावर चाले. पहाटे गोदाकाठी फेरी, स्नानसंध्या उरकून नऊच्या सुमारास सार्वजनिक वाचनालयात वृत्तपत्रांचे वाचन, दुपारी नातवंडांचे गणित, आणि मे महिना आला की वसंत व्याख्यानमालेस न चुकता हजेरी. यात वर्षानुवर्षे खंड पडला नव्हता. १८४० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयाचा त्यांस मोठा अभिमान. पाहुण्यांस काळाराम मंदिर दाखवावयास निघाले तरी वाट वाकडी करून ते आधी वाचनालय दाखवीत.

मधुमेह त्यांस वीस वर्षांपासून होता, आणि पथ्याने व चालण्याने त्यांनी तो आटोक्यात ठेवला होता. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायास जखम झाली, ती चिघळली आणि अखेर दोन बोटे काढावी लागली. जखम यथाकाल भरून आली. डॉक्टरांनी चालावयास परवानगी दिली; मऊ तळाचे खास बूट करून आणले. परंतु मामंजी उंबऱ्याबाहेर पडेनात. वृत्तपत्र घरी मागविले, तर त्याची घडीसुद्धा मोडली जाईना. नातवंडे वही घेऊन आली की 'बाबांना विचारा' म्हणून त्यांस परत पाठवीत. चहा थोडा निवला तरी रागावत, आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

आम्ही काय समजलो? सासूबाई म्हणाल्या, 'वय झाले.' भावजी म्हणाले, 'पहिल्यापासून मानी स्वभाव.' माझे यजमान म्हणाले, 'पाय तर बरा झाला आहे. मनावर घेतले की चालतील.' आणि मी? मी त्यांच्या आवडीची भाजी करीत राहिले. इकडे साखर वाढत होती. डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढविली.

दिवाळीच्या झाडलोटीत त्यांच्या कॉटखालच्या ट्रंकेमागे एक कागदी पुडी सापडली. तीत त्यांच्याच रोजच्या गोळ्या होत्या. मोजल्या तेव्हा चाळीसांवर भरल्या. त्या नुसत्या घ्यावयाच्या टाळल्या होत्या, की काही हेतूने साठविल्या होत्या? हा प्रश्न मनात आला आणि माझे हातपाय गार पडले. तो त्यांस विचारण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही. पुडी मी यजमानांच्या हाती दिली, त्यांनी ती कपाटात कुलूपबंद केली, आणि घरात त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

आमची मुलगी त्या वेळी पुण्याहून सुटीस आली होती. तिला पुडीची गोष्ट ठाऊक नव्हती. आजोबा गोळ्या विसरतात एवढेच तिने ऐकले, आणि त्यांच्या मोबाइलवर औषधांची आठवण करून देणारे एक ॲप बसवून दिले. त्या ॲपात दर पंधरा दिवसांनी मनाच्या स्थितीविषयी नऊ प्रश्न येत. दुपारी नातीने अक्षरे मोठी करून दिली, मामंजींनी चष्मा पुसला आणि एकेका प्रश्नाचे उत्तर बोटाने दाबले. आम्हांस 'बरा आहे' यापलीकडे उत्तर न देणाऱ्या त्या माणसाने त्या यंत्रास खरे ते सांगितले. सत्तावीसांपैकी सतरा गुण आले. 'आपण नसतो तर बरे, असे विचार येतात का?' अशा अर्थाच्या शेवटच्या प्रश्नास त्यांनी 'काही दिवस' असे उत्तर दिले होते. मुलगी तशीच स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा पाहून मी गॅस बंद केला.

पुढे कितीतरी दिवसांनी मी त्यांस विचारले, 'मामंजी, आम्हांला का नाही सांगितलेत?' ते म्हणाले, 'सूनबाई, त्याला उत्तर दिले म्हणून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.'

शरीराचे दुखणे आणि मनाचे ओझे

दीर्घ दुखण्याबरोबर येणारी खिन्नता ही स्वभावाची उणीव नव्हे, आणि मन खंबीर नसल्याची खूणही नव्हे. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दुपटीने आढळते. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांस पुढे केव्हा ना केव्हा नैराश्य गाठते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, कंपवात, यांतही हीच कथा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेही लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक निघाली. तेव्हा हा प्रश्न किती घरांचा आहे, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. दुखणे मनास खाते, आणि मन खचले की औषध, पथ्य, व्यायाम यांपैकी काहीच नीट होत नाही. म्हणून दुखणे वाढते, आणि वाढलेल्या दुखण्याने मन आणखी खचते. आमच्या घरी साखर वाढली ती औषध अपुरे पडले म्हणून नव्हे, तर औषध ट्रंकेमागे जात होते म्हणून. मात्रा वाढविल्याने तेथे काय साधणार होते?

नैराश्य ओळखताना एक अडचण अशी की, थकवा, भूक मंदावणे, झोप न लागणे ही लक्षणे मूळ दुखण्याचीही असू शकतात. म्हणून त्या नऊ प्रश्नांतील पहिल्या दोहोंस विशेष महत्त्व आहे: ज्यात पूर्वी गोडी वाटे त्यात गोडी उरली आहे काय, आणि मन सतत उदास राहते काय. ही प्रश्नावली अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांनी तयार केली असून ती विनामूल्य व मराठीतही उपलब्ध आहे. मागील दोन आठवड्यांविषयी विचारून प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण द्यावयाचे असतात. बेरीज दहा वा अधिक आली तर डॉक्टरांस भेटणे अगत्याचे. शेवटच्या प्रश्नास 'मुळीच नाही' याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी हालचाल करावी. ही प्रश्नावली निदान करीत नाही. ती फक्त दार ठोठावते.

मामंजींस मनोविकारतज्ज्ञांकडे नेले तेव्हा त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले असता किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले असता माणूस असाच थकलेला व उदास दिसू शकतो. आपल्या शाकाहारी घरांतून बी-१२ची कमतरता पुष्कळ; त्यात मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेतल्याने ते जीवनसत्त्व आणखी घटते. मामंजींचे ते बरेच खाली गेलेले निघाले. त्याची इंजेक्शने सुरू झाली, आणि नैराश्यावरील औषधही सुरू झाले. या औषधांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. त्यांचे व्यसन लागते ही समजूत चुकीची आहे, परंतु ती मनाने एकाएकी बंदही करू नयेत.

आणि मला जो प्रश्न विचारवला नव्हता, तो त्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शांतपणे विचारला. आयुष्य संपविण्याचा विचार येतो काय, असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलावयास वाट मिळते, असे तज्ज्ञ सांगतात. मामंजी म्हणाले, 'गोळ्या घेऊन काय करायचे आहे, असे वाटे. दोन-तीन वेळा दुसरेही मनात आले.' माझे यजमान शेजारी बसले होते. वडिलांचा हात हातात घेतलेला मी त्यांस त्या दिवशी प्रथम पाहिले.

यंत्र काय करू शकते

आता त्या साधनाकडे वळू. मोबाइलमधील ॲपे मनाच्या दुखण्यावर खरोखर उपयोगी पडतात काय, याचा कसून शोध ब्राझीलमधील साओ पाउलो व पेरूमधील लिमा या शहरांत घेतला गेला; त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब किंवा मधुमेह असून नैराश्याची लक्षणे असलेले रुग्ण निवडले. त्यांतील काहींस मोबाइलवर सहा आठवड्यांत अठरा लहान पाठ दिले, आणि परिचारिका अधूनमधून त्यांची चौकशी करीत. तीन महिन्यांनी ज्यांची लक्षणे निम्म्याने उतरली असे रुग्ण साओ पाउलोत ४०.७ टक्के भरले. ज्यांस ॲप दिले नव्हते त्यांत २८.६ टक्के. लिमा येथे हेच आकडे ५२.७ आणि ३४.१ असे होते. फरक लहान नव्हे. परंतु सहा महिन्यांनी पाहिले तो दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

आता आपल्या देशातील प्रयोग पाहा. चेन्नई, दिल्ली, बंगळूर व विशाखापट्टणम् येथील चार मधुमेह-चिकित्सालयांत ४०४ रुग्णांवर तो झाला व २०२० साली प्रसिद्ध झाला. या सर्वांस मधुमेह व नैराश्य दोन्ही होते. येथे यंत्र रुग्णाच्या हाती नव्हते. ते समन्वयकांच्या व डॉक्टरांच्या हाती होते. कोणाची साखर वाढली, कोणाचे मन खचले, कोणाचे औषध बदलावयास हवे, हे संगणक दाखवी. समन्वयक रुग्णाशी बोलत, आणि तज्ज्ञ डॉक्टर ठराविक काळाने सर्वांचा आढावा घेत. हे वर्षभर चालले. मग आणखी एक वर्ष काहीही न करता केवळ पाहिले. दोन वर्षांअखेर मनही सुधारले आणि साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी काही तरी उतरले, असे रुग्ण ७१.६ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के.

हे दोन प्रयोग सर्वस्वी सारखे नव्हेत, तेव्हा आकड्यांस आकडा लावून निकाल देणे योग्य होणार नाही. तथापि एक गोष्ट मला त्यांतून स्पष्ट दिसते. सहा आठवड्यांचे पाठ संपले, आणि त्यांचा गुणही काही महिन्यांत ओसरला. जेथे माणसाने वर्षभर पाठपुरावा केला, तेथे तो टिकला.

त्या पाठांत असते तरी काय? त्याचे मर्म आमच्या शेजारच्या गोव्यात अधिक चांगले दिसून आले. तेथील 'संगथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ४९५ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. समुपदेशक हे डॉक्टर नव्हते; थोडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटींत ते एवढेच शिकवीत की, मन लागेल तेव्हा काम करीन असे म्हणून थांबू नका. लहानसे काम आधी करा, मन मागून येईल. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्याबाहेर आले. केवळ नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के.

मामंजींच्या ॲपानेही हेच केले. पहिल्या आठवड्यात त्याने त्यांस अंगणापर्यंत जावयास सांगितले, दुसऱ्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आम्ही सांगितले असते तर 'मला शहाणपण शिकवू नका' असे उत्तर मिळाले असते. यंत्राशी मानापमानाचा प्रश्न नव्हता.

माझी चूक

त्या ॲपात रोज रात्री दोन ओळी लिहिण्याची सोय होती, आणि मामंजी त्या लिहीत. एके दिवशी मोबाइल दिवाणखान्यात उघडाच राहिला होता. मी त्या ओळी वाचल्या. काळजीपोटी वाचल्या, हे खरे. परंतु रात्री जेवताना 'आज बरे वाटते आहे म्हणे तुम्हांला' असे मी सर्वांदेखत बोलून गेले. त्यांनी पानावरून मान वर केली नाही. त्या रात्रीपासून तीन आठवडे त्यांनी एक अक्षर लिहिले नाही.

आपल्या घरांतून पत्रे फोडून वाचण्याची चाल गेली. मोबाइल मात्र सर्वांचा समजला जातो. दुखणाईताचे लिहिलेले त्याचे आहे. ते कोणास दाखवावयाचे हे त्यानेच ठरवावे, आणि त्याच्या परवानगीने एकाच विश्वासाच्या माणसास त्याची माहिती असावी. मी मामंजींची क्षमा मागितली, आणि नातीने त्यांच्या ॲपास कुलूप लावून दिले. त्याचा अंक आजही मला ठाऊक नाही.

घरातल्यांपेक्षा बाहेरच्यांची भीती वेगळी. अमेरिकेत मोबाइलवरून समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने आपल्या ग्राहकांची खासगी माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांस पुरविल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ साली त्या कंपनीने अठ्ठ्याहत्तर लक्ष डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले. त्याच वर्षी अन्नाविषयीच्या मनोविकारांसाठी तेथील एका संस्थेने ठेवलेले बोलके यंत्र रुग्णांस घातक सल्ले देते असे आढळल्याने ते बंद करावे लागले. आपल्याकडेही २०२३ साली खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. परंतु कायदा असला तरी आपण डोळे उघडे ठेवावेत. ॲप कोणी काढले आहे, त्यामागे डॉक्टर आहेत काय, ते कोणती माहिती मागते, आणि संकटाच्या वेळी ते माणसाशी गाठ घालून देते काय, एवढे तरी घरातील तरुणांनी तपासावे. जे ॲप डॉक्टरांचे औषध बंद करावयास सुचवील, ते तत्काळ काढून टाकावे.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतूनही बोलता येते. २०२४ साली तिचे ॲपही निघाले. हा क्रमांक दुखणाईताच्या उशाशी व घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. दुखणाईताइतकाच तो त्याची सेवा करणाऱ्यासही उपयोगी आहे. कारण सेवा करणारेही खचतात, आणि त्यांस तर कोणीच विचारीत नाही.

आता आमच्या घरी

वाचक विचारतील, मामंजी आता बरे आहेत काय? पूर्वीसारखे नाहीत. पहाटेची फेरी सुटली ती सुटलीच. गुण सतरावरून सहावर आले, मध्यंतरी पुन्हा अकरा झाले, तेव्हा डॉक्टरांनी औषधात फेरफार केला. आठवड्यातून दोन दिवस ते रिक्षाने वाचनालयात जातात. गेल्या मे महिन्यात व्याख्यानमालेच्या एका व्याख्यानास गेले, आणि घरी येऊन वक्त्याने दिलेले एक साल चुकीचे होते म्हणून अर्धा तास बोलत राहिले. सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या, 'ऐकतेस ना?'

ॲपाचे म्हणाल, तर दोन-अडीच महिन्यांनी त्यांस त्याचा कंटाळा आला. ते रोज तेच विचारते, म्हणाले. मुलगी पुण्यास परतली होती. तेव्हा परदेशातील त्या प्रयोगाचे सहा महिन्यांनंतरचे आकडे मला माहीत नव्हते. परंतु यंत्र गप्प झाले तर घर पुन्हा पूर्वीसारखे गप्प होईल, ही धास्ती वाटली. म्हणून आम्ही आपसांत वार वाटून घेतले. रोज रात्री जेवणानंतर घरातील एक जण त्यांच्या खोलीत जाऊन बसतो. साखर, पाय, गोळ्या यांविषयी त्या वेळी बोलावयाचे नाही असा नियम आहे. 'आज दिवस कसा गेला?' एवढेच विचारावयाचे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचे. पहिल्या काही दिवसांत थांबणे फार जड गेले. भावजी तर दुसऱ्याच मिनिटास घड्याळाकडे पाहू लागले होते. आता त्यांचा वार असला की आतून दोघांच्याही बोलण्याचा आवाज येतो.

नऊ प्रश्नांची प्रश्नावली मात्र आम्ही सोडलेली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मामंजी ती स्वतः कागदावर लिहून काढतात, गुणांची बेरीज करून शिक्षकाच्या वळणदार अक्षरात खाली तारीख घालतात, आणि डॉक्टरांकडे जाण्याच्या फाइलीत ठेवतात. मागील महिन्यात त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकविला आणि म्हणाले, 'सूनबाई, एक तूही भर.' मी भरला. माझे गुण आठ आले. ते पाहून त्यांनी मला बसावयास सांगितले, आणि त्या रात्री विचारण्याची पाळी त्यांनी घेतली.